गाडी झाली का?

“मी सांगेपर्यंत किल्ली फिरवायची नाही. आणि लागली की लगेच सोडायची. धरून बसायची नाही, कळलं?”

बॉनेटच्या आडून ह्यांचा आवाज आला. मी चालवणाऱ्याच्या जागेवर बसले होते, पदर आवरून, पाय खाली क्लच-ब्रेकला लागू नयेत म्हणून जवळ ओढून. गाडी मला चालवता येत नाही, तेव्हाही येत नव्हती. पण इंजिन जोडून झालं की किल्ली फिरवायला कुणीतरी लागतं, आणि घरात आम्ही दोघंच.

“हं. आता.”

मी बालाजीचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली, गप्प झाली.

“पुन्हा.”

दुसऱ्या खेपेला लागली. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज एवढा मोठा झाला की आढ्यावरची कबुतरं फडफडत बाहेर पडली. हे बॉनेटमागून पुढे आले, काळे हात तसेच कमरेवर ठेवून उभे राहिले आणि हसले. ह्यांच्या हसण्यात डावा गाल तेवढा हलायचा.

कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या बोधनकरांचं डोकं उगवलं. “लागली? मी म्हटलं मेहकरात भूकंप होऊन राहिला का काय!”

“लागली,” हे म्हणाले.

“मग वहिनी, पेढे?”

“शैलू आली की,” मी म्हटलं.

हे पुन्हा बॉनेटमध्ये वाकले.

शैलजा आमची थोरली. लग्नाला तिसरं वर्ष चालू होतं, दिली होती जालन्याला. धाकटी मंजिरी नागपूरला वसतिगृहात राहून शिकत होती आणि तिच्यासाठी स्थळं बघायला आम्ही नुकती सुरुवात केली होती. हे कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनं सांभाळायचे. जिनिंग बंद पडली तेव्हा मालकांची पांढरी फियाट ह्यांनी घेतली. शैलूची पाठवणी ह्याच गाडीतून झाली. गाडीत बसताना ती रडायला लागली, तशी ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, “रडतेस कशाला? ही गाडी सोडायला आलीय ना, हीच आणायला येईल. तू नुसता निरोप धाड.”

आमच्या घराण्यात लेक सासरहून एकटी निघत नाही. मुराळी जावा लागतो, म्हणजे माहेरचं कुणीतरी न्यायला. बाप, भाऊ, काका, कुणीही पुरुषमाणूस. एकटी आली तर आली म्हणत नाहीत, पळून आली म्हणतात. शैलूला भाऊ नाही.

आदल्या दिवाळीला ती आली तेव्हा फराळाला बसताना तिचा पदर सरकला. दंडावर, बांगड्यांच्या बऱ्याच वर, ओळीनं चट्टे होते.

“तेल उडालं,” ती म्हणाली.

तेल असं ओळीनं उडत नाही. रात्री मी ह्यांना तेवढंच सांगितलं. हे कुशीवर वळले. मग म्हणाले, “निवू दे जरा. इंजिन तापलेलं असताना झाकण उघडायचं नसतं. वाफ तोंडावर येते.”

भाऊबीज झाल्यावर ह्यांनी तिला परत सोडलं. येताना सिंदखेडच्या पुढे गाडी तापली, वाफेचे लोट निघाले आणि बंद पडली. ट्रकच्या मागे दोर बांधून घरी आणली. तेव्हापासून ती शेडमध्ये उभी होती. आषाढ लागता लागता ह्यांनी इंजिन उघडलं.

उघडल्यावर जे दिसलं ते मला बोलावून दाखवलं. इंजिनात पाणी फिरायच्या ज्या वाटा असतात, त्या पांढऱ्या खरानं बुजून गेल्या होत्या. पाणी तापवायच्या जुन्या बंबात बसतो तसा थर.

“आपली विहीर,” हे म्हणाले.

आमच्या विहिरीचा आम्हाला फार अभिमान. सासूबाई म्हणायच्या, ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, पण पुण्य शिजतं. देवाला तेच, तुळशीला तेच. गाडी दारात आली त्या दिवशी सासूबाईंनी तिला ओवाळलं आणि तुळशीपत्र घातलेला विहिरीचा तांब्या रेडिएटरमध्ये ओतला. तेव्हापासून घरचा दंडकच झाला, की गाडीला बाहेरचं पाणी घालायचं नाही. कुठं गावाला जायचं तरी डिकीत विहिरीच्या पाण्याचा डबा बरोबर. एवढी वर्षं जिला आम्ही तीर्थ पाजत होतो, ती आतून दगड होत चालली होती.

ह्यांनी तारेनं, खराट्याच्या काड्यांनी तो खर खरवडून काढला. वरचा भाग अकोल्याहून घासून आणला, नवीन पॅकिंग टाकलं, नळ्या बदलल्या. आणि त्या दिवशी, साधं पाणी घालून, गाडी लागली. लागल्यावर ह्यांनी ते पाणी पुन्हा सोडून दिलं.

“आता विहिरीचं पाणी नाही. आता कूलंट, इंजिन गार ठेवायचं तयार पाणी. कुठलं ते एकदा ठरलं की झालं.”

दुसऱ्याच दिवशी शैलूचा फोन आला. ती घरून फोन करत नसे. दळणाला म्हणून निघायची आणि गिरणीशेजारच्या एसटीडी बूथवरून करायची. तिच्या आवाजामागे गिरणीचा पट्टा फटफट वाजत असायचा.

“आई, आण्णांची गाडी झाली का?”

इतक्या महिन्यांत ती दुसरं काही विचारत नव्हती. मी ‘बरी आहेस ना’ म्हटलं की ‘बरी आहे’ म्हणायची आणि पुन्हा, गाडी झाली का. मला काय ते कळायचं.

“झाली गं! काल लागली. मीच किल्ली फिरवली. आता ते कूलंट तेवढं घातलं की निघतीलच.”

पलीकडे नुसती गिरणी ऐकू येत राहिली.

“मग मी आवरून ठेवू?”

“ठेव.”

“पंचमीपर्यंत होईल?”

“होईल. ठेव आवरून.”

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “बरं केलंस.” आणि विजेरी घेऊन शेडमध्ये गेले.

कूलंट हिरवं घ्यावं की लाल, ह्याच्यावर त्या श्रावणात आमच्या शेडमध्ये जेवढी चर्चा झाली तेवढी शैलूचं स्थळ ठरवताना झाली नव्हती. बोधनकर तहसिलीतून निवृत्त झालेले. गाडी त्यांच्याकडे कधी नव्हती, पण मत होतं. रोज सकाळी स्टूल घेऊन येऊन बसायचे.

“हिरवं जुन्या गाड्यांचं. तुमची जुनी आहे. प्रश्न मिटला.”

“लाल जास्त दिवस टिकतं म्हणतात,” हे म्हणायचे.

“मग लाल घ्या.”

“पण लाल जुन्या इंजिनाला सोसलं नाही तर?”

“मग हिरवं घ्या ना बुवा!”

“आणि आधीचं काही आत राहिलं असलं, दोन्ही एकत्र झालं, तर खिरीसारखं घट्ट होतं. सगळ्या वाटा बंद.”

“तुमच्या गाडीत आजवर काय होतं? तीर्थ! तीर्थ कशातही मिसळतं. त्र्यंबकराव, तुम्ही कूलंट बघून राहिले का जावई?”

मी चहा ठेवून आत यायचे. बोधनकरांच्या हसण्यात हे कधी सामील झाले नाहीत.

माझा एक नेम आहे. चातुर्मासात मी मौनानं जेवते. पान वाढून घेतलं की बोलायचं नाही. आचवून तुळशीचं पान तोंडात घातलं की मग मौन सुटतं. हा नेम मला सासूबाईंनी दिला. रोज वाती वळायच्या, उन्हं वर यायच्या आत बालाजीला प्रदक्षिणा घालायच्या, आणि मौन. त्या म्हणायच्या, बाईनं निदान जेवताना तरी भांडू नये. मी कधीच भांडत नसे. पण नेम धरला तो धरला.

ह्यांना तो बरोबर उमगला होता. ह्यांचं आधी जेवण व्हायचं, मग मी पान घ्यायचे. मग हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे, सुपारी कातरत. आणि जे मला सांगायचं अवघड, ते तेव्हा सांगायचे.

“पंचमीला काही जमेल असं दिसत नाही. रेडिएटरची एक नळी मला बरी वाटत नाही.”

मी वरणभात कालवत राहिले.

“घाईनं जाऊन रस्त्यात पुन्हा बंद पडली तर? तिला घेऊन रस्त्यात उभं राहायचं का?”

मी आचवून, तुळस तोंडात घालून बाहेर येईपर्यंत हे शेडमध्ये गेलेले असायचे.

एकदा मी तिथं जाऊन म्हटलं, “एसटीनं जाऊन आणू या ना तिला.”

“शब्द दिलाय मी. चारचौघांत दिलाय. ह्याच गाडीनं आणीन.”

“मग मी जाते एसटीनं.”

“तू?” ते पान्हा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. “बाई कधी मुराळी गेलीय? दारात उभं करतील का तुला? आणि तू तर तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीस.”

ते खरंच होतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हीही आमची रीत. मी त्या दारात एकदाही गेले नव्हते.

पंचमी गेली. मी भिंतीवर नाग काढले, मेंदी वाटली आणि कुणाच्या हातावर लावायची ते न सुचून स्वतःच्याच लावली. शैलूचा फोन आला.

“आई, गाडी झाली का?”

“कूलंट राहिलंय गं.”

“अजून?”

मी नळीचं सांगायला लागले. ती म्हणाली, “असू दे. आवरून ठेवलेलं आहेच,” आणि फोन ठेवला.

पोळ्याच्या आधी एके दिवशी हे पहाटे उठले, आंघोळ करून देवापाशी उभे राहिले. एरवी हे देवाला लांबूनच हात जोडत. “अकोल्याला जातो. कूलंट घेऊनच येतो. आज सोक्षमोक्ष.”

मी दहीसाखर दिली. त्या दिवशी माझं कशात लक्ष नव्हतं. वाती वळताना कापूस सारखा तुटत होता.

दिवेलागणीला हे आले. हातात लाल कूलंटचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, पोटाशी धरलेला. लेंग्यावर लाल डाग.

“लाल? हिरवं का नाही घेतलं?”

“तिथं हेच मिळालं.”

“मग उद्या घालणार?”

“जेवायला नको मला,” हे म्हणाले आणि डबा घेऊन शेडकडे गेले.

दुसऱ्या दिवशीही काही घातलं नाही. डबा शेडच्या फळीवर बसला. बोधनकर आले, डबा उचलून पाहिला, वास घेतला. “चला, लाल तर लाल. ओता आता, मुहूर्त पाहिजे का?”

“आधी इंजिन आतून एकदा धुवून घेतो.”

धुतलं. मग म्हणाले, बॅटरी बघतो. मग पंख्याचा पट्टा. फोन यायचा बंद झाला. मी रोज गिरणीच्या वेळेला फोनपाशी वाती घेऊन बसायचे. कधी मनात यायचं, तिच्या सासरी फोन लावावा, एकदा लावलाही. तिच्या सासूनं उचलला. “ती कामात आहे,” म्हणाली. एवढंच.

गौरी आल्या. मी कुंकवाची पावलं काढली, मुखवटे ताटात घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहिले. कुणीतरी आतून विचारायचं असतं, गौर कशाच्या पावलांनी आली? बोधनकरवहिनींनी विचारलं. ‘सोन्यामोत्यांच्या’ एवढंच म्हणून मी ताट आत नेलं. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी जेवल्या आणि गेल्या. घरात मग कुणी नव्हतं.

पितृपक्ष लागला तसे हे माझ्या जेवणाच्या वेळी उंबऱ्यावर बसून म्हणाले, “आता पितृपक्षात काय करता येणार? नवरात्र बसलं की बघू.”

मी मान खाली घालून जेवत होते. मला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं, की सासूबाईंनी हा नेम मला दिला तो माझ्यासाठी नव्हे.

सर्वपित्री अमावास्या आली. श्राद्धाचा स्वयंपाक, वडे, खीर, कढी. ह्यांनी पितरांना पाणी सोडलं, कावळ्याला पान ठेवलं, मग जेवले. माझं जेवण राहिलं होतं. त्याआधी मी शेडमध्ये गेले, कारण अमावास्येला गाडीला लिंबू-मिरची बांधायचं, काच पुसून कुंकू लावायचं, ते काम माझं. गाडी बंद असली तरी मी ते चुकवत नसे. पुसायला फडकं हवं होतं. डिकी उघडली, पान्ह्यांची पेटी सरकवली. तिच्याखाली पिशवी होती, घडी घालून, अगदी तळाशी.

ती मी शिवलेली होती. माझ्या जांभळ्या इरकलीचा पदर विरला तेव्हा त्याची मी पिशवी शिवली, बंद दुहेरी लावले आणि शैलूच्या पहिल्या संक्रांतीला तिळगुळाचे लाडू घालून जालन्याला पाठवली. ती पिशवी जालन्याला असायला हवी होती. तिच्या आत लाल डाग होते, वाळून चिकट झालेले. मी हात घातला. कोपऱ्यात काहीतरी टोचलं.

फणी होती. शिसवी. तीही मीच दिलेली, लग्नात.

बाई प्रवासाला निघते तेव्हा फणी सगळ्यात शेवटी पिशवीत टाकते, वेणी घालून झाल्यावर. मी ती फणी पदराला पुसली. मग लिंबू-मिरची बांधली. कुंकू लावलं. पिशवी घेऊन आत आले.

पान वाढून घेतलं. पिशवीची घडी पानाशेजारी ठेवली, तिच्यावर फणी. चित्राहुती घातल्या आणि जेवायला लागले.

हे सुपारी कातरत उंबऱ्यावर येऊन बसले. “नवरात्राचं म्हणशील तर...”

मग त्यांनी पिशवी पाहिली.

अडकित्ता थांबला. बाहेर छपरावर कावळे ओरडत होते. मी घास घेतला.

“घरात यायच्या आधी डिकीत ठेवली,” हे म्हणाले. मी विचारलं नव्हतं. मला विचारता येत नव्हतं.

मी वडा मोडला.

“मी अकोल्याला गेलो नव्हतो.”

मी खिरीची वाटी जवळ ओढली.

“जालन्याला गेलो. आणायलाच गेलो होतो, बालाजीची शपथ. म्हटलं राहू दे ती गाडी, एसटीनं आणू. स्टँडवर उतरलो. समोर गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. म्हटलं, आधी कूलंट घेऊ. हिरवं नव्हतं, लाल घेतलं. हातात काहीतरी असलं की माणूस आपल्या कामाला आल्यासारखा दिसतो.”

मी कढी पानात घेतली.

“व्याह्यांनी बसवलं. पंखा लावला. चांगलं बोलले, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, न्यायला आलात का? न्या खुशाल. एवढंच, मग परत आणून सोडू नका. आम्ही दुसरीकडे बघायला मोकळे.”

ह्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

“मला डोळ्यांपुढे मंजू दिसली गं. तिला बघायला येणारी माणसं दिसली. थोरली कुठे असते म्हणून विचारणारी. मी... मी म्हटलं, गाडीचं इंजिन उघडलंय. गाडी झाली की येतो.”

गाडी तोवर झालेली होती. किल्ली मी फिरवली होती.

“ती दाराआड उभी होती. मला तिची पिशवीच आधी दिसली, काखेला लावलेली, भरलेली. वेणी घातली होती तिनं. ऐकलं सगळं. आत गेली. मी उठलो तर ह्या डब्याचं झाकण पाझरलेलं, लेंगाभर डाग. तर ती बाहेर आली, पिशवी रिकामी करून. माझ्या हातातून डबा घेतला, पिशवीत ठेवला. म्हणाली, आण्णा, पोटाशी धरून बसा, एसटीत हिंदकळेल.”

ह्यांचा डावा गाल हलत होता. मी तो कधी असा हलताना पाहिला नव्हता.

“आणि म्हणाली, गाडी झाली की या.”

माझ्या तोंडात घास होता. मी पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं. मग पानाला नमस्कार केला आणि उठले. भरल्या पानावरून मी त्याआधी कधी उठले नव्हते. मागच्या अंगणात आचवले. तुळशीचं एक पान खुडलं. तोंडात घातलं नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलं.

पिशवी घेतली, फणी तिच्यात टाकली आणि शेडमध्ये गेले.

“अगं, कुठं?” हे मागून आले. “आज अमावास्या आहे.”

मी फळीवरचा डबा उतरवला. जड होता. बॉनेट वर करून काठी लावली. रेडिएटरच्या झाकणाला हात लावून पाहिला. गार होतं. केव्हाचंच गार होतं. झाकण फिरवून काढलं आणि डबा तिरका केला. जास्वंदीच्या पाण्यासारखं लाल, गळ्याशी गडगडत आत जाऊ लागलं.

“सांडेल. अगं, नरसाळं तरी... मंजूचं काय, ते तरी सांग. लोक काय विचारतील? बोल ना काहीतरी!”

भिंतीवरून बोधनकरांचं डोकं वर आलं. “काय वहिनी, आज तुम्हीच मेकॅनिक? अमावास्येला कुठं...”

माझ्याकडे बघितलं आणि डोकं भिंतीआड खाली गेलं.

रेडिएटर तोंडापर्यंत भरला. डबा खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि गाडीत जाऊन बसले. चालवणाऱ्याच्या जागेवर, पदर आवरून, पाय जवळ ओढून. किल्ली लागलेलीच असायची. हे समोर उभे होते, बॉनेटच्या पलीकडे. उघड्या बॉनेटखालच्या फटीतून मला त्यांचे हात तेवढे दिसत होते.

ह्यांनी सांगितलं नव्हतं. मी किल्ली फिरवली.

एकदाच फिरवली. आणि सोडली.

गाडी लागली. कबुतरं उडाली. थोडा वेळ ते हात तसेच लोंबत राहिले. मग, आतली पातळी खाली गेली असावी, ते आपोआप डब्याकडे गेले. ह्यांनी उरलेलं थोडंथोडं घातलं, बुडबुडे थांबायची वाट पाहिली, पुन्हा घातलं.

“हवा निघाली,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

झाकण लागलं. बॉनेट खाली आलं. मी सरकून शेजारच्या जागेवर गेले, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत बसले. माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी होती. ती किती वेळ रिकामी होती? इंजिन चालू होतं एवढं आठवतं. मग दार उघडलं, गाडी एका अंगाला कलली आणि ऑइलचा वास आला.

बोधनकर भिंतीला वळसा घालून आमच्या अंगणात आले होते. त्यांनी फाटक उघडलं, दोन्ही फळ्या धरून ठेवल्या. त्या माणसाकडे थट्टेचा शब्द नव्हता, असं मी तेवढंच एकदा पाहिलं.

“मागे काय ते बघतो मी,” ते म्हणाले. “दिवा लावायला हिला पाठवतो.”

जालन्याचा रस्ता लागला. ह्यांनी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं, पुन्हा रस्त्याकडे, पुन्हा काट्याकडे. काटा चढत चढत मधोमध आला आणि तिथं उभा राहिला.

“घोटभर पाणी तरी प्यायची होतीस,” हे म्हणाले. “तिथं तर तू पिणार नाहीस.”

मी पदराच्या टोकाची गाठ चाचपली. तुळशीचं पान होतं. ते मी शैलूच्या दारात उभी राहून तोंडात घालणार होते, आणि मग बोलणार होते.

ह्यांनी गिअर बदलला.